शाळा सुटल्यावर गाणं: नागपुरात मनपाच्या शाळेत संगीतवर्ग सुरू करायचा असेल तर

जून उजाडला की फोन सुरू होतात. "आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत, थोडंफार गाता येतं, मनपाच्या शाळेतल्या पोरांना शिकवायचं आहे. कुणाला भेटू?" विचारणाऱ्यांत विशारद झालेल्या ताई असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचे पोरंही असतात. उत्साहाची कमी कुणाकडेच नसते. अडतं ते शाळेच्या फाटकापाशी, कारण परवानगी कोण देतं, खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि पहिल्या दिवशी नेमकं करायचं काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. मी हे काम काही वर्षं करतोय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणार असाल तर परवानगीचा भाग बदलेल, बाकी बहुतेक तसंच राहील.

१. आधी स्वतःचं वेळापत्रक बघा

एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी पाऊण ते एक तास. वर्षभर येणं जमत असेल तरच शाळेत पाय ठेवा. तीन महिने येऊन गायब होणारे दादा-ताई या पोरांनी भरपूर पाहिलेत. सप्टेंबरात ज्याने तुमच्यावर भरवसा टाकला आणि दिवाळीनंतर ज्याला तुम्ही दिसलाच नाहीत, तो पुढच्या माणसाला जवळ येऊ देत नाही. त्याची किंमत तुमच्यानंतर येणारा मोजतो. वेळ कमी असेल तर आठवड्यातून एकच दिवस घ्या, पण तो चुकवू नका.

एकट्याने सुरुवात करू नका. किमान दोघं हवेत, त्यात एक बाई असलेली बरी. आठ-दहा पोरांमागे एक मोठं माणूस हे प्रमाण सांभाळता येतं. त्याच्या वर गेलं की शिकवणं मागे पडून नुसती शिस्त राखणं सुरू होतं.

विशारद असण्याची गरज नाही. सूर लावून देता यावा, केरवा आणि दादरा हे साधे ताल हातावर धरता यावेत आणि पोरगं चुकलं तर चेहऱ्यावर आठी पडू नये, एवढं पुरे. उलट काही पदवीधर गायकांना पोरांसमोर सगळ्यात जड जातं ते स्वतःचं गाणं थांबवणं.

२. शाळा निवडताना संध्याकाळी जाऊन या

मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. "जिथे गरज जास्त तिथे जातो" म्हणत लोक शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा घेतात आणि पावसाळ्यात गळतात. घर किंवा ऑफिसपासून अर्ध्या तासात पोहोचता येईल अशीच शाळा घ्या. गरज तुमच्या बाजूच्या वस्तीतही आहे.

शाळा सकाळी अकराला बघू नका, सुटण्याच्या वेळी बघा. वीज चालू असते का, पंखा फिरतो का, मुलींचं स्वच्छतागृह शाळा सुटल्यावर उघडं राहतं की कुलूप लागतं, चौकीदार कितीपर्यंत थांबतो, हे तेव्हाच कळतं. शाळा दोन पाळ्यांत भरत असेल तर शेजारच्या खोलीत वर्ग चालू असताना तुम्ही तबला वाजवू शकणार नाही. माध्यमही विचारा. मनपाच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, काही इंग्रजी अशा माध्यमांच्या आहेत आणि तुमची गाणी त्यावर ठरतील.

३. परवानगी: तोंडी 'या' वर विसंबू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मुख्याध्यापक चांगले असतात, चहा पाजतात, "या ना, आमच्या पोरांचंच भलं आहे" म्हणतात. तुम्ही सुरू करता. मग त्यांची बदली होते, किंवा एखादा पालक तक्रार करतो, किंवा निरीक्षक येतात आणि विचारतात, हे कोण? तेव्हा तुमच्या हातात कागद नसेल तर वर्ग त्याच दिवशी बंद होतो आणि त्यात मुख्याध्यापकांचीही चूक नसते.

क्रम असा ठेवा. आधी मुख्याध्यापकांशी बोला. मग त्यांच्यामार्फत विषय शाळा व्यवस्थापन समितीसमोर न्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ही समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीचा ठराव झाला की अर्ध्या शंका आपोआप मिटतात, कारण वस्तीतल्या चार घरांना तुम्ही कोण हे माहीत झालेलं असतं. नंतर ठरावाची प्रत जोडून मनपाच्या शिक्षण विभागात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत जातं. खासगी अनुदानित शाळेत संस्थाचालकांची लेखी संमती लागते.

अर्ज एका पानाचा असू द्या. कोण येणार, कोणते दिवस, किती ते किती, कोणत्या इयत्ता, कोणती खोली, आणि "विद्यार्थ्यांकडून कोणतंही शुल्क घेतलं जाणार नाही" हे वाक्य. संगीताचं मुलांच्या मेंदूवर काय होतं यावर परिच्छेद लिहू नका, कुणी वाचत नाही. शाळेच्या कामाचं काही लिहिता आलं तर लिहा. राज्यगीत २०२३ पासून आलं, पण अनेक शाळांच्या परिपाठात ते मोबाइलच्या स्पीकरवर लावलं जातं. "राज्यगीत आणि राष्ट्रगीत मुलं सुरात म्हणतील" ही ओळ साहेबांना लगेच पटते. 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही शाळांना राबवायचा असतो. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा तुमचा एक दिवस शनिवार असेल तर मुख्याध्यापकांचंही काम हलकं होतं.

सोबत ठेवायचे कागद:

- अर्ज, दोन प्रती
- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- संस्थेमार्फत जात असाल तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि संस्थेचं पत्र
- प्रत्येक स्वयंसेवकाच्या आधारची प्रत, दोन फोटो
- प्रत्येकाचं पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- वर्षाचं ढोबळ वेळापत्रक
- पालकांच्या संमतीपत्राचा कोरा नमुना

नवी संस्था काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, दरवर्षीचा हिशेब, लेखापरीक्षण हे स्वतंत्र काम आहे. शिक्षणात काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली पहिली दोन वर्षं काढा.

आणि डिसेंबरात अर्ज घेऊन जाऊ नका. हिवाळी अधिवेशन भरलं की मनपाचं मुख्यालय आहे त्या सिव्हिल लाइन्समध्ये शिरणंच मुश्कील, अधिकारीही जागेवर सापडत नाहीत. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा बरा.

४. पोरांची सुरक्षा

चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. ओळख, पत्ता आणि वयाचा पुरावा, फोटो, सही आणि संस्थेचं पत्र तयार ठेवा. "आम्ही काय चोर आहोत का?" असं काही ज्येष्ठ मंडळींना वाटतं. त्यांना सांगा की हा नियम सगळ्यांना सारखा आहे. ज्याला तो मान्य नाही त्याला वर्गात घेऊ नका, मग तो कितीही मोठा गवई असो.

बाकीचे नियम थोडके आहेत, पण पाळायचेच. खोलीचं दार उघडं. एका पोरासोबत एकटं थांबायचं नाही. हार्मोनियमवर बोटं बसवताना हात धरावा लागला तर आधी विचारायचं. मुलांना स्वतःचा नंबर द्यायचा नाही, बोलायचं ते पालकांशी. पालकांच्या संमतीपत्रात फोटोसाठी वेगळा रकाना ठेवा आणि तिथे 'नाही' असेल तर त्या पोराचा फोटो ग्रुपवरसुद्धा टाकू नका.

एखाद्या मुलाने काही सांगितलं, किंवा काही दिसलं ज्यावरून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 'पोक्सो' कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शंका आलेल्या कुणालाही ते लागू होतं, तुमच्यासारख्या स्वयंसेवकालाही. शाळेची बदनामी होईल म्हणून घरातल्या घरात मिटवू असं कुणी म्हटलं तरी ऐकायचं नाही. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक मोफत आहे, तो खोलीत लिहून लावा.

आता वेळेबद्दल. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्याने इथे दिवस लवकर मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्यास्त. मुंबई-पुण्याच्या कार्यक्रमांचं पाहून 'पाच ते सहा' वेळ ठेवली की नोव्हेंबरपासून मुली येणं बंद करतात आणि आपल्याला कारण कळत नाही. हिवाळ्यात अंधाराआधी पोरगी घरी पोहोचेल अशीच वेळ धरा.

५. वाद्यं: कमी घ्या, टिकणारी घ्या

पहिल्या वर्षी एक हार्मोनियम, चार-पाच खंजिऱ्या, दोन जोड्या टाळ. एवढंच. तानपुऱ्यासाठी मोबाइलमधलं ॲप आणि छोटा स्पीकर चालतो. खंजिरी मुद्दाम म्हणतोय. तुकडोजी महाराजांमुळे ती विदर्भाच्या घराघरांत पोहोचलेली आहे, आजी-आजोबांना येते, काही शेकड्यांत मिळते आणि तिला सुरात आणावं लागत नाही. तबला दुसऱ्या वर्षी घ्या, तोही कोणत्या पट्टीत, म्हणजे कोणता सूर 'सा' धरून, गाणार हे दुकानदाराला सांगूनच. 'तबला द्या' म्हटलं की हाती पडेल तो घेऊन येतात आणि मग वर्षभर सूर जुळवायला हातोडीने गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत बसतात.

गिटार, की-बोर्ड दान करणारे भेटतील. घेण्याआधी विचारा: तार तुटली तर कोण बदलणार, अडॉप्टर आहे का? शाळांच्या कपाटांत अशी मेलेली वाद्यं पाहिली की फार वाईट वाटतं.

टिनाच्या छताखालच्या खोलीत वाद्यं ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा हार्मोनियमचं लाकूड आकसतं, सांधे उघडतात, भाता भरतो तसा सुटतो. तबल्याची पुडी (वरचं चामडं) ताणून सुरात चढते, कधी फाटते. पावसाळ्यात उलटं: हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून अडकतात, पुडी उतरते. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट मिळालं तर ते मागा, किल्ली कुणाकडे हे लिहून ठेवा आणि सगळी वाद्यं शाळेच्या नोंदवहीत चढवून घ्या.

६. पहिले चार आठवडे

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वर्ग टिकतो की मोडतो ते याच महिन्यात ठरतं.

चाचणी घेऊन 'गाणारी' पोरं निवडू नका. शिक्षक मदत म्हणून हुशार पंधरा जणांची यादी हातात देतील. त्यांना नम्रपणे सांगा की ज्याला यायचं तो येईल. शेवटच्या बाकावर कंपासपेटी बडवणारा पोरगा या यादीत कधीच नसतो.

त्या पोराकडे नीट पाहा. त्याच्या गल्लीत लग्नाला, गणपतीला संदल (ढोलांचं पथक) वाजते आणि तो लहानपणापासून तिच्या मागे फिरलेला आहे. डाव्या हाताच्या तळव्याने बाकाच्या पोकळ भागावर ठोका, उजव्या हातात कंपासपेटी, आतल्या पेन्सिलीचा खुळखुळाट अचूक उलट्या मात्रेवर. आठ मात्रांचा घाट त्याच्या अंगात आहे, फक्त त्याला केरवा म्हणतात हे ठाऊक नाही. पहिल्या दिवशी त्याच्याकडून शिका. "हे पुन्हा वाजव ना, मला जमत नाही आहे." मग त्याच ठोक्यावर सगळ्यांना टाळ्या द्यायला लावा आणि दुसऱ्या आठवड्यात तोंडाने बोल चढवा: धा गे ना ति, न क धि न. ताल शिकवायची याहून चांगली वाट मला सापडलेली नाही.

गाण्याकडे वळलात की पट्टी सांभाळा. पुरुष स्वयंसेवक हमखास स्वतःच्या काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) सुरू करतात. पोरं त्या खर्जाची नक्कल करायला जातात आणि गळा दाबून गुरगुरतात, मग आपण म्हणतो पोरं बेसूर आहेत. लहान मुलांसाठी काळी चार-पाचच्या आसपासचा षड्ज (सा) धरून बघा, गाण्याचा वरचा पल्ला पाहून थोडं वर-खाली करा. स्वतःला त्या पट्टीत गाता येत नसेल तर हार्मोनियमवर सूर द्या किंवा जोडीदार ताईला गाऊ द्या.

ज्याचा सूर अजिबात लागत नाही त्याला चारचौघांत 'बेसूर' म्हणू नका. तो शब्द पोरगं आयुष्यभर बाळगतं. त्याला रुग्णवाहिकेच्या भोंग्याचा आवाज खालून वर काढायला सांगा. निघतो, म्हणजे गळा ठीक आहे. मग त्याने जो सूर सहज काढला तोच तुम्ही हार्मोनियमवर शोधा. तुम्ही त्याच्याकडे जा. दोघांचा सूर जुळला की तो क्षण त्याला कानात कळतो, डोळे मोठे होतात. तिथून एकेक पट्टी वर सरका. काही आठवडे लागतात, पण बहुतेकांचं जमतं. सहावी-सातवीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांना मात्र ओढू नका, त्यांना खंजिरी द्या आणि गळा बसेपर्यंत खाली गुणगुणू द्या.

वही पहिल्या महिन्यात नको. स्वरलिपी फळ्यावर लिहिली की लगेच 'तास' सुरू होतो आणि पोरांना शाळा सुटल्याचं सुख राहत नाही. तोंडी शिकवा, छोटे अलंकार खेळासारखे घ्या: सारेग, रेगम, गमप. महिनाअखेर भूप राग. पाचच स्वर असल्यामुळे चुकायला जागा कमी.

गाणी निवडताना वर्गात कोण बसलंय ते पाहा. एकाच खोलीत बौद्ध, हिंदू, मुस्लिम, गोंड घरांतली पोरं असतात. सगळीच भजनं घेतली की काही पोरं ओठ मिटून बसतात. "तुमच्या घरी काय म्हणतात?" हे विचारलं की भीमगीत येतं, पैगंबरांच्या स्तुतीची 'नात' येते, आजीची ओवी येते, छत्तीसगढी गाणंही येतं. प्रत्येकाचं एकेक घ्या.

आणि हो, खाऊ. दुपारच्या खिचडीनंतर साडेचारला पोट रिकामं असतं आणि रिकाम्या पोटी सूर टिकत नाही. फुटाणे-गूळ किंवा केळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी. फल्लीदाणे (शेंगदाणे) द्यायचे असतील तर कुणाला ते चालत नाहीत का, हे घरी विचारून घ्या.

७. वर्षात हजेरी कधी पडते

पोळा आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवसांत वर्ग ठेवूच नका, पोरं रस्त्यावर असणार. गणपतीत पथकांत वाजवायला जातात. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या सोहळ्यामुळे कितीतरी घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. दिवाळीनंतर काही कुटुंबं कापूस वेचायला गावाकडे जातात आणि पोरांनाही नेतात. त्यांचं नाव हजेरीतून काढू नका, परत आल्यावर त्यांची जागा तिथेच असली पाहिजे. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास अर्ध्या मुलांची बोटं मांजाने कापलेली असतात, तेव्हा वाद्यं बाजूला आणि फक्त गाणं.

तुम्हाला यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशीच शाळेत कळवा. "सर, आज गाणं नाही होऊन राहिलं का?" असं चौकीदाराला विचारत पोरं फाटकाशी उभी राहता कामा नयेत.

८. स्नेहसंमेलन आणि परीक्षा

डिसेंबरात शाळा म्हणेल, स्नेहसंमेलनात दोन गाणी बसवून द्या. द्या, पण वर्गाचा सगळा वेळ त्यात जाऊ देऊ नका आणि स्टेजवर सगळे उभे राहतील हे आधीच कबूल करून घ्या. निवडक आठ जण पुढे आणि उरलेले प्रेक्षकांत, असं झालं की जानेवारीत उरलेले येत नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखाद्या पोराला पुढे जायचं असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा आहे, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण. मान्यताप्राप्त संस्थेच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव त्या वेळच्या शाळेमार्फत जातो. मनपाच्या बऱ्याच शाळा आठवीपर्यंतच असल्याने पोरगं तोवर दुसरीकडे गेलेलं असतं, म्हणून मूळ प्रमाणपत्रं पालकांच्या हातात द्या आणि प्रती काढून घ्यायला सांगा. कोणत्या परीक्षा धरतात आणि किती गुण मिळतात, हे त्या-त्या वर्षीच्या शासन निर्णयात बघा, ते बदलत असतं. परीक्षेचं शुल्क कोण भरणार हेही अर्ज भरायच्या आधी ठरवा. ऐनवेळी घरच्यांना सांगितलं की पोरगं तापाचं नाव करून येत नाही.

९. उन्हाळा आणि हस्तांतर

मार्चअखेर वाद्यं पुसून, हार्मोनियम कापडात गुंडाळून, तबला असेल तर गट्टे थोडे सैल करून शाळेच्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. नोंदवहीवर मुख्याध्यापकांची सही घ्या.

पुढच्या वर्षी तुम्ही नसणार असाल तर जानेवारीतच सांगा आणि नव्या माणसाला शेवटचे दोन महिने सोबत आणा. त्याच्यासाठी एक वही लिहा: कोणतं पोरगं कोणत्या सुरात सहज गातं, कुणाला टाळ आवडतो, कुणाच्या घरी कुणाशी बोलायचं, कोणती गाणी झाली. फोटोचे रकाने 'नाही' असलेली नावं पहिल्या पानावर. चौकीदाराचा नंबर आणि कपाटाची किल्ली कुणाकडे, हे शेवटच्या पानावर. परवानगीच्या पत्राची मुदत मार्चपर्यंतचीच असेल तर नूतनीकरणाचा अर्ज नव्या माणसाच्या नावासह एप्रिलमध्येच टाका. मे महिन्यात शाळेत कुणी भेटणार नाही.